वाचक विचारतात : जर्मनीबाहेरची, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत होता. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना त्याने 'आउसलेझे' असे छापलेल्या रिस्लिंग या जातीच्या द्राक्षांच्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. मी आणि सौ. जेवणानंतर लहानसा पेला घेत असू. गोड असूनही ती जिभेवर बसत नसे. आता भाचा कायमचा पुण्यास परतला आहे आणि बाटल्या संपल्या आहेत. सोलापुरात 'गोड वाइन' मागितली की लाल, पाकासारखी घट्ट वाइन हाती येते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची अशी वाइन जर्मनीखेरीज कोठे होते, ती कोणत्या नावाने मागावी आणि आमच्यासारख्यांना ती मिळेल कशी? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आपण वापरलेल्या 'पाकासारखी' या शब्दातच आपल्या अडचणीचे मूळ आहे. आपल्याला आवडलेल्या वाइनमध्ये साखर भरपूर होतीच, पण त्या साखरेला तोलून धरणारे आम्लही तितकेच होते. कैरीच्या पन्ह्यात गूळ सढळ हाताने घातला तरी कैरीची धार मागे उरते आणि म्हणूनच दुसरा पेला मागावासा वाटतो, तसा हा प्रकार आहे. दुकानात मिळालेल्या लाल बाटलीत गोडी होती, धार नव्हती. म्हणून दुकानदाराकडे नुसती 'स्वीट वाइन' मागू नये. द्राक्षे उशिरा तोडून केलेली, पांढरी आणि आंबटपणा राखलेली वाइन हवी आहे, असे स्पष्ट सांगावे आणि बाटलीवरचे लेबल स्वतः वाचावे.

द्राक्ष वेलीवर जास्त दिवस राहिले की त्यातील पाणी कमी होते आणि साखर वाढते. अशा रसात साखरेचा मद्यार्क करणारे यीस्ट सगळी साखर पचवू शकत नाही. काही वेळा वाइन करणाराच रस थंड करून ते काम मध्येच थांबवतो. उरलेली साखर ही द्राक्षाची स्वतःची साखर असते, आणि जर्मन आउसलेझेमध्ये मद्यार्काचे प्रमाण अनेकदा सात ते नऊ टक्क्यांच्याच आसपास असते ते याच कारणाने. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. मार्चमध्ये तोड संपलेल्या बागेत पानाआड राहून गेलेला एखादा घड हातात घेऊन पाहावा. साल देठाकडे सैल पडलेली असते, मण्यावर बारीक सुरकुत्या उमटलेल्या असतात, हिरवा रंग जाऊन मधासारखा पिवळेपणा आलेला असतो, आणि मणी दाताखाली फोडला की पाणी थोडे आणि गर चिकट लागतो. त्या मण्याचा बेदाणा होण्याआधीची जी अवस्था आहे, तिच्यातूनच या वाइनचा जन्म होतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडच्या बागायतदाराला ऐकताना चमत्कारिक वाटेल. बोट्रायटिस ही बुरशी आपल्या बागेत आली की घड सडतात, आणि अवकाळी पावसानंतर बुरशीच्या रोगांच्या भीतीने फवारणीचा पंप खाली ठेवता येत नाही. मात्र जिथे सकाळी दाट धुके पडते आणि दुपारी स्वच्छ कोरडे ऊन असते, तिथे हीच बुरशी मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, त्यातून पाणी उडून जाते, आणि मागे साखर, आम्ल आणि मध व जर्दाळूची आठवण देणारा वेगळाच सुगंध उरतो. धुके आणि ऊन यांचा हा रोजचा खेळ काही थोड्याच नदीखोऱ्यांत आणि तळ्याकाठी जमून येतो. जर्मनीबाहेर शोध घ्यायचा तो मुख्यतः अशाच ठिकाणी.

पहिले नाव ऑस्ट्रियाचे. भाषा तीच, लेबलावरचे शब्दही बहुतेक तेच : श्पेटलेझे (उशिरा तोडलेली), आउसलेझे (निवडक घडांची), बेरेनआउसलेझे (निवडक मण्यांची), ट्रॉकनबेरेनआउसलेझे (निवडक सुकलेल्या मण्यांची). हंगेरीच्या सीमेवर नॉयझीडलर झे नावाचे विस्तीर्ण पण अतिशय उथळ तळे आहे. शरद ऋतूत त्यावरून उठणारे धुके काठच्या मळ्यांवर पसरते आणि तिथे ती बुरशी जवळजवळ दरवर्षी हजेरी लावते. काठावरच्या रुस्ट या गावाची 'आउसब्रुख' ही गोड वाइन शतकानुशतके प्रसिद्ध आहे, आणि पलीकडच्या इल्मिट्स गावातील क्राखर कुटुंबाच्या वाइननी गेल्या काही दशकांत या भागाचे नाव जगभर नेले. येथे एक सापळा सांभाळावा. 'ट्रॉकन' म्हणजे कोरडी. 'श्पेटलेझे ट्रॉकन' असे लिहिले असेल, तर द्राक्षे उशिरा तोडलेली असूनही वाइन गोड नसते. पण 'ट्रॉकनबेरेनआउसलेझे' या लांबलचक शब्दातले ट्रॉकन हे वेलीवरच सुकलेल्या मण्यांचे विशेषण आहे, आणि ती वाइन सर्वांत गोड असते.

माझ्या मनात मात्र पहिली जागा हंगेरीतील तोकायची आहे. बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमाजवळचा हा डोंगराळ प्रदेश आहे. १७३७ मध्ये राजाज्ञेने त्याची हद्द ठरवली गेली, आणि २००२ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. फुरमिंट ही तिथली मुख्य जात, आणि तिच्या अंगी जन्मजातच सणसणीत आम्ल असते. बुरशीने सुकवलेले मणी, ज्यांना तिथे 'असू' म्हणतात, घडातून एकेक करून वेचले जातात. मजूर बाई दिवसभर वेचत राहिली तरी टोपली जेमतेम भरते. हे मणी रसात किंवा तयार होत आलेल्या वाइनमध्ये भिजवून मग पिळतात. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपात असूच्या किती पाट्या टाकल्या त्यावरून गोडी मोजत, आणि त्या पाटीवरून आलेला 'पुत्तोन्योश' हा शब्द आजही लेबलावर दिसतो : पाच पुत्तोन्योश म्हणजे लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर, सहा म्हणजे किमान १५०. आकडे वाचून दचकू नये. फुरमिंटचे आम्ल एवढे तीक्ष्ण असते की इतकी साखर असूनही घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ राहते. जी गोष्ट आपल्याला आउसलेझेत आवडली, तीच येथे अधिक खोलवर भेटते. असू महाग वाटल्यास त्याच प्रदेशातील, 'लेट हार्वेस्ट' असे इंग्रजीतच छापलेली साधी तोकाय मागावी. ती पिंपात फार काळ ठेवलेली नसते, हलकी व टवटवीत असते, आणि आपल्या जुन्या बाटलीची सर्वांत जवळची बहीण मला तीच वाटते. 'सामोरोद्नी' या नावाखाली कोरडी आणि गोड अशा दोन्ही वाइन येतात. त्यातील 'एदेश' म्हणजे गोड, एवढे ध्यानात ठेवले की फसगत होत नाही.

फ्रान्समध्ये जर्मनीला लागून असलेल्या आल्सास प्रांतात हीच रिस्लिंग पिकते. तेथे उशिरा तोडीच्या वाइनला 'व्हांदांज तार्दीव्ह' म्हणतात, आणि बुरशी लागलेले निवडक मणी घेऊन केलेलीला 'सेलेक्सियाँ द ग्रां नोब्ल'. या दोन्ही संज्ञांचे नियम १९८४ मध्ये कायद्याने पक्के झाले. आपण रिस्लिंगचीच बाटली निवडावी. गेव्युर्त्सट्रामिनर ही तिथली दुसरी जात गुलाबाच्या आणि लिचीच्या वासाने मोहवते, पण तिच्यात आम्ल कमी असते, आणि आपली तक्रार पुन्हा तीच होईल. ल्वार नदीच्या खोऱ्यातील कोतो दु लेयोंच्या वाइन शेनिन ब्लां जातीच्या असतात. या जातीत आम्ल भरपूर, त्यामुळे त्याही आपल्या पसंतीला उतराव्यात. पिरेनीजच्या पायथ्याशी ज्युरांसों येथे पेती मांसां जातीची जाड सालीची बारीक द्राक्षे वेलीवरच सुकू देतात. तिथे बुरशीचा फारसा भाग नसतो, डोंगरावरून येणारे उबदार वारेच ते काम करतात. फक्त ज्युरांसोंच्या लेबलावर 'सेक' हा शब्द असेल तर ती बाटली परत ठेवावी, कारण ती कोरडी असते.

सोतेर्नचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. फ्रान्समध्येच, बोर्दो शहराजवळ, सिरों या लहानशा नदीचे गार पाणी गारोन नदीच्या तुलनेने उबदार पाण्याला मिळते तेथे धुके दाटते, आणि त्या धुक्यावर शातो दिकेमसारख्या घराण्याची कीर्ती उभी आहे. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या प्रतवारीत सोतेर्न भागात सर्वांत वरचा दर्जा एकट्या दिकेमला दिला गेला. तिथे एका वेलीमागे साधारण एक पेला वाइन निघते असे सांगतात, आणि किंमत इतकी जास्त का असते ते त्यावरून कळते. सोतेर्नविषयी मला आदर आहे, पण आपल्याला ती पहिली घ्या असे मी सांगणार नाही. ती सेमियों जातीची, ओकच्या पिंपात मुरलेली आणि मद्यार्काने जड असते. आउसलेझेची सवय झालेल्या जिभेला ती भरजरी शालूसारखी वाटेल. सुंदर, पण अंगाला वजन देणारी.

युरोपबाहेर कॅनडातील आइसवाइन प्रसिद्ध आहे. उणे आठ अंश किंवा त्याहून कमी तापमानात वेलीवर गोठलेली द्राक्षे तशीच पिळतात, त्यामुळे बर्फ मागे राहतो आणि आम्ल-साखरेचा दाट रस तेवढा निघतो. ही मुळात जर्मनांचीच पद्धत, पण नायगारा भागात १९८० च्या दशकात इनिस्किलिन या वायनरीने तिचा उद्योग उभा केला. दक्षिण आफ्रिकेत लेबलावर 'नोबल लेट हार्वेस्ट' हे शब्द शोधावेत. केपटाऊनजवळच्या कॉन्स्टान्शियाची मस्कत जातीच्या द्राक्षांची गोड वाइन सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनसाठी जात असे. पुढे ती परंपरा खंडित झाली आणि क्लाइन कॉन्स्टान्शिया या मळ्याने १९८६ च्या द्राक्षांपासून ती पुन्हा सुरू केली. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथजवळ डी बोर्तोली कुटुंब १९८२ पासून बुरशी लागलेल्या सेमियोंपासून 'नोबल वन' करत आहे. ती सोतेर्नच्या वळणाची आहे. चिलीतील कोंचा इ तोरो या वायनरीची लेट हार्वेस्ट अर्ध्या बाटलीत येते आणि खिशाला बरीच सोसते.

आता घरचे. नाशिकच्या सुला आणि यॉर्क या दोन्ही वायनरी शेनिन ब्लांची लेट हार्वेस्ट वाइन करतात, आणि सोलापुरातून शोध सुरू करायचा तर मी तिथूनच करीन. एक फरक मात्र आधीच सांगून ठेवतो. युरोपात उशिरा म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, जेव्हा रात्री गारठत जातात आणि मण्यातले आम्ल टिकून राहते. आपल्याकडे उशिरा म्हणजे मार्च, जेव्हा उन्हाचा चटका वाढत असतो आणि आम्ल दिवसागणिक उतरत असते. म्हणून आपल्या लेट हार्वेस्टमध्ये पिकलेला पपई, मध, अननस असा गंध मिळतो, पण रिस्लिंगची ती धार थोडी बोथट लागते. त्यावर माझा उपाय साधा आहे : ती चांगली गार, आठ अंशांच्या आसपास प्यावी, आणि ज्या वर्षाची द्राक्षे असतील त्यापासून दोन-तीन वर्षांच्या आत संपवावी.

मिळवण्याच्या दृष्टीने पुणे-मुंबईतील मोठ्या दुकानांत आयात बाटल्या असतात. भारतात आयात वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते, हे किंमत पाहताना लक्षात असावे. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे ठरावीक किमतीवरच्या ऑस्ट्रेलियन वाइनवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत आहे. आपल्या भाच्याचे कोणी मित्र अजूनही युरोपातून ये-जा करीत असतील, तर तो मार्ग सर्वांत चांगला. परदेशाहून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, आणि गोड वाइन बहुधा ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत येत असल्याने पाच बाटल्या त्या मर्यादेत बसतात. बाटल्या विमानात सोबतच्या पिशवीत न ठेवता सुपूर्द करण्याच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून आणाव्यात. महाराष्ट्रात मद्यसेवनाचा परवाना लागतो आणि वाइनसाठी किमान वय २१ आहे. परवान्याची चौकशी दुकानातच करता येते.

खरेदी करताना बाटली उजेडासमोर धरून पाहावी. पुण्यातील एका दुकानातून मी मोठ्या हौसेने सोतेर्नची अर्धी बाटली घेतली होती. ती दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात कित्येक महिने उभी असावी, कारण घरी आल्यावर पाहिले तर बूच गव्हाच्या दाण्याएवढे वर सरकले होते आणि त्याच्या कडेला चिकट ओघळ वाळला होता. आत सोनेरी रंगाऐवजी चहाचा रंग आणि खवट बदामाचा वास. जुन्या गोड वाइनचा रंग गडद होतो हे खरे. पण वर आलेले बूच आणि चिकट मान ही उष्णतेची खूण आहे, आणि तशी बाटली कितीही मोठ्या नावाची असली तरी घेऊ नये.

प्रश्न : आमची पंढरपूर तालुक्यात थॉमसन आणि सोनाकाची बाग आहे. दरवर्षी शेवटच्या तोडीचा काही माल बेदाण्याला जातो. याच सुकत आलेल्या द्राक्षांपासून अशी वाइन घरी करता येईल का? (एक बागायतदार)

उत्तर : कल्पना अजिबात वेडगळ नाही. इटलीत द्राक्षे तोडून जाळ्यांवर किंवा चटयांवर सुकवतात आणि मग पिळतात. त्या वाइनला 'पासितो' म्हणतात, आणि तिथली सुकवण्याची शेड पाहिली तर आपल्या शेडचीच आठवण यावी. परंतु तीन अडचणी आहेत. आपण बेदाणा लवकर सुकावा म्हणून मणी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतो. असा माल वाइनसाठी घेऊ नये. दुसरे असे की, खाण्याच्या द्राक्षाची सारी निवडच वेगळ्या हेतूने झालेली आहे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून निवडून काढलेली सोनाका लांबट, करकरीत आणि बिनबियांची आहे. बाजारात तिचे मोल मोठे आहे आणि ते सार्थ आहे. वाइनच्या द्राक्षाचा मणी मात्र वाटाण्याएवढा, जाड सालीचा, बियांचा आणि खाताना गोडीबरोबर आंबटही लागणारा असतो. त्याची साल रसाच्या मानाने जास्त, म्हणून गंधही जास्त. आपल्या थॉमसनला उशिरापर्यंत ठेवले तर साखर चढेल, पण आम्ल आणि गंध या दोन्ही बाजू रित्या राहतील आणि हाती गोड पाणी लागेल. हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या वायनरीचे मळे आहेत. हंगामात तिथे जाऊन एक मणी खाऊन पाहावा.

तिसरी अडचण कायद्याची आहे. वाइन तयार करण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि तो घेतल्याशिवाय हा प्रयोग करू नये. खरोखरच आवड असेल, तर बागेच्या एका कोपऱ्यात शेनिन ब्लांच्या काही ओळी लावून त्यांची द्राक्षे परवानाधारक वायनरीला देण्याचा करार हा अधिक पक्का रस्ता आहे. तसे करताना भाव आणि किती ब्रिक्सला (म्हणजे रसात किती साखर असताना) तोड घ्यायची, हे दोन्ही मुद्दे आधी लेखी करून घ्यावेत, कारण उशिरा तोडीत वजन घटते आणि त्या घटीचा भार कोणी सोसायचा यावरूनच पुढे वाद होतात.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हाळ्यात ही वाइन ठेवावी कशी? उघडलेली किती दिवस टिकते, आणि आपल्या जेवणातील कशाबरोबर ती चांगली लागते? यजमानांना थोडा मधुमेह आहे, तेही कळावे. (एक वाचक भगिनी, होटगी रस्ता)

उत्तर : मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा माळा, स्वयंपाकघरातले कपाट आणि फ्रिजचा माथा ही तिन्ही ठिकाणे वाइनला मारक आहेत. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात बाटली आडवी ठेवावी. काही महिन्यांसाठी ते पुरेसे आहे. उघडल्यावर बूच घट्ट लावून फ्रिजमध्येच उभी ठेवावी. साखर आणि आम्ल दोन्ही जास्त असल्यामुळे ही वाइन साध्या वाइनप्रमाणे दोन दिवसांत उतरत नाही, आठवडाभर तरी चांगली राहते.

पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड असावा, हा एकच नियम मी पाळतो. गुळाची शेंगापोळी या कसोटीत नापास होते. ती मला कितीही प्रिय असली तरी तिच्यापुढे वाइन आंबट आणि पातळ लागते. याउलट कडक भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगाची चटणी आणि वर दही, याच्याबरोबर नाशिकची गार लेट हार्वेस्ट घेऊन पाहावी. लसणाचा आणि तिखटाचा झणका वाइनची गोडी शांत करते, आणि शेंगदाण्याच्या तेलकटपणाला तिचे आम्ल कापते. जानेवारीत कोवळा हुरडा मिळतो तेव्हा तोही उत्तम जोडीदार ठरतो. फ्रेंच लोक सोतेर्नबरोबर खारट निळे चीज खातात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे. चीज नसल्यास खारवलेले काजू चालतात.

आपल्या यजमानांसाठी हिशेब असा : लिटरला १२० ग्रॅम साखर असलेल्या वाइनच्या ६० मिलिलिटर पेल्यात सुमारे सात ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चहाचे चमचे साखर जाते, आणि मद्यार्क निराळा. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास साखर एकदम खाली येऊ शकते. त्यामुळे पेला भरण्याआधी डॉक्टरांना गोळीचे नाव दाखवून विचारावे, आणि त्यांनी होकार दिला तरी तो पेला रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतरच घ्यावा.